नवरा रोज पाकीट संपवतो आणि तपासण्या माझ्याच: सिगारेट आणि पुरुषाची प्रजननक्षमता

म्हार्दोळची_जाई

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विषय नाजूक आहे, सांभाळून घ्या.

मी ३१, नवरा ३५. दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत, दिवस राहत नाहीत. माझी सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच (बीजांडांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), गर्भनलिकांची एचएसजी (क्ष-किरण तपासणी) असं सगळं झालं. एचएसजीला जे दुखलं ते लिहीत नाही. सगळे रिपोर्ट चांगले. सासूबाईंनी देवळात कौलही घेतला, तोही उजवा आला. नवऱ्याची मात्र आजपर्यंत एकही तपासणी नाही.

तो वेर्ण्याला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. दहाचं एक पाकीट रोज, नाइट शिफ्ट असली की दुसरं फुटतं. कॉलेजपासूनची सवय. मी विषय काढला की म्हणतो, "सिगारेट फुप्फुसात जाते, तिचा मुलाशी काय संबंध?" पुढे वडिलांचं उदाहरण तयार असतंच: ते बिडी ओढायचे आणि आम्ही पाच भावंडं.

मला सरळ उत्तरं हवी आहेत. संबंध खरंच असतो का? असला तर किती? आणि सोडली तर भरून निघतं का, की झालं ते झालं?

---

पर्र्याचं_कलिंगड

सासऱ्यांच्या बिडीचा दाखला प्रत्येक घरात असतोच. आमच्या आजोबांच्या नावावर तर बिडी, फेणी आणि आठ मुलं जमा आहेत. आजीचं लग्न सतराव्या वर्षी झालं होतं, हे मात्र त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. डॉक्टर, या बघू.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

आलो.

जाई, तुमच्या यजमानांचा प्रश्न वाईट नाही, कारण फुप्फुसातला धूर खाली कसा पोचतो हे कुणी समजावून सांगतच नाही. धूर फुप्फुसात थांबत नाही. त्यात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली कितीतरी काही सेकंदांत रक्तात उतरतात. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं, आणि ते धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यातल्या द्रवातही सापडतं. कॅडमियम आणि शिसंही सापडतं. म्हणजे माल पोचतो, हे तपासून झालेलं आहे.

पोचल्यावर काय करतो? शुक्राणू ही शरीरातली अगदी हलकी केलेली पेशी आहे. डोक्यात घट्ट बांधलेला डीएनए, मधल्या भागात ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया आणि मागे शेपूट. इतर पेशींत असतो तसा पेशीद्रव त्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे नुकसान दुरुस्त करायची यंत्रणाही नसते. वरचं आवरण अशा मेदाम्लांचं की ऑक्सिडीकरणाने ते पटकन बिघडतं. सिगारेटमुळे वीर्यात पांढऱ्या पेशी आणि त्यांनी सोडलेले आक्रमक ऑक्सिजन रेणू वाढतात. त्यांचा पहिला मार आवरणावर आणि मायटोकॉन्ड्रियावर बसतो, म्हणून पोहण्याची ताकद कमी होते. दुसरा डीएनएवर, त्याचे तुकडे पडतात. तिसरा जिथे शुक्राणू तयार होतात तिथेच, म्हणून संख्या घटते.

२०१६ मध्ये 'युरोपियन युरॉलॉजी' या नियतकालिकात २० अभ्यास आणि ५,८६५ पुरुषांचा एकत्र हिशोब आला होता. धूम्रपान करणाऱ्यांत संख्या आणि हालचाल दोन्ही कमी. ज्यांना आधीच मूल होण्यात अडचण होती त्यांच्यात आणि मध्यम ते जास्त ओढणाऱ्यांत परिणाम अधिक.

एक गैरसमज आताच बाजूला ठेवतो. सिगारेटने पुरुषी हार्मोन संपतं असं नाही. धूम्रपान करणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन बऱ्याच अभ्यासांत कमी नाही, किंचित जास्तच आलेलं आहे. त्यामुळे दाढी, आवाज, ताकद, इच्छा यांवरून "माझं सगळं ठीक आहे" असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता वडिलांचा दाखला. समजा एकाची संख्या मिलिलिटरला ८ कोटी आहे आणि सिगारेटने ती ६ कोटींवर आली, तर त्याला जन्मभर कळणारही नाही. दुसऱ्याची मुळात २ कोटी आहे आणि ती सव्वा कोटीवर आली, तर त्याचं घर दवाखान्यांच्या चकरा मारतं. हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत, पण तत्त्व हेच. वडील पहिल्या गटातले असतील. मुलगा कुठल्या गटातला आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

---

नाव_नको

डॉक्टर, पटलं. पण दिवसाला दोन-तीन ओढणाऱ्यांचं काय? मी जेवणानंतर एक आणि संध्याकाळी गाड्यावर चहाबरोबर एक, एवढाच आहे. दोन-तीनवाल्यांना पाकीटवाल्यांच्या रांगेत उभं करू नका.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

रांग वेगळीच आहे. कमी ओढणाऱ्यांत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत फरक दिसतो, काहींत नाही. पण "इथपर्यंत चालेल" अशी रेषा कुणालाही सापडलेली नाही. मूल हवं असेल तर दोन आणि शून्य यांत शून्य निवडा. दोनवाल्याला सोडणं सोपंही जातं.

आणि "लाइट" किंवा "माइल्ड"वर जाऊन काही वाचत नाही. त्यात माणूस झुरका खोल घेतो, एवढाच फरक.

---

वेर्णा_नाइटशिफ्ट

व्हेपचं काय मग? आमच्या कंपनीत अर्ध्या मुलांनी सिगारेट सोडून ते धरलंय. आंब्याचा वास येतो.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

ई-सिगारेट विकणं, आयात करणं, साठवणं यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे. किनारपट्टीवर मिळते ती चोरून. निकोटिन त्यातही असतंच. डेन्मार्कमधल्या तरुणांच्या एका अभ्यासात रोज व्हेप ओढणाऱ्यांची एकूण शुक्राणूसंख्या न ओढणाऱ्यांपेक्षा कमी आली होती.

किनारपट्टीचं नाव निघालंच आहे तर गांजाचंही सांगतो. डेन्मार्कमध्येच १,२१५ तरुणांची तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. आठवड्याला एकापेक्षा जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं. "नॅचरल आहे" हे समर्थन मी ओपीडीत वरचेवर ऐकतो.

---

पर्र्याचं_कलिंगड

अवांतर: गोव्याची थोडी बाजू घेतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू वापरणारे प्रौढ देशात २८.६ टक्के आणि गोव्यात ९.७, राज्यांमध्ये सगळ्यात कमी. आपल्याकडे धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा १९९७ चा आहे, केंद्राचा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला. लोक गोव्याला येऊन काय काय करतात ते सोडा, गोंयकार तसा शहाणा आहे.

---

म्हार्दोळची_जाई

तो ९.७ टक्क्यांतला एक माझ्याच वाट्याला आला म्हणायचा.

डॉक्टर, खूप आभार. तुमचा पहिला प्रतिसाद त्याला वाचायला दिला. गप्प बसला. एरवी लगेच काहीतरी बोलतो. सोडली तर भरून निघतं का, तेवढं सांगा.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

यात बातमी बरीचशी चांगली आहे. बाईची बीजांडं जन्मापासून ठरलेली असतात, पुरुषाचे शुक्राणू मात्र रोज नवे तयार होतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, आणि पुढे अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) जाताना तो पोहायला शिकतो त्याला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे आज दिलेला नमुना तीन महिन्यांपूर्वीच्या आयुष्याचा असतो. आज सिगारेट बंद केली तर पूर्णपणे बिनधुराची पहिली खेप तीन महिन्यांनी येईल. सिगारेट सोडल्यावर तीन महिन्यांनी संख्या वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. प्रत्येकाची वाढेलच अशी खात्री मी देत नाही, कारण बिघाडाला सिगारेट सोडून दुसरं कारणही असू शकतं.

म्हणूनच आधी वीर्यतपासणी करा. सोडण्याच्या आधीचा एक रिपोर्ट हातात असू दे, म्हणजे नंतरच्याशी ताडून बघता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, प्रमाण मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, पुढे सरळ पोहणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. या शेवटच्या चाराने घाबरू नका. सुदृढ पुरुषांतही बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात. आणि या मर्यादा म्हणजे पास-नापास नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांतले तळाचे ५ टक्के जिथे होते, तिथे ही रेषा ओढली आहे. रेषेखालच्यांनाही मुलं होतात. रेषेवरचे काही जण वर्षानुवर्षं थांबतात, कारण डीएनएचे तुकडे साध्या तपासणीत दिसत नाहीत.

---

निवृत्त_लॅबवाला

डॉक्टरांनी आकडे दिले, मी कामाचं सांगतो. म्हापशात आयुष्यभर याच खुर्चीवर बसलोय.

आधी दोन दिवसांपेक्षा कमी नाही आणि सातापेक्षा जास्त नाही, इतका संयम पाळा. पुष्कळजण "जास्त साठवू" म्हणून पंधरा दिवस थांबतात आणि मेलेल्या शुक्राणूंचा ढीग आणतात. लॅबने दिलेल्या डबीतच घ्या, साध्या निरोधात नाही, त्याच्यावरचं औषध शुक्राणूंना मारतं. तेल, साबण, थुंकी काही नको. आणि पहिला थेंब सांडला तर लाजू नका, सांगा. सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. तो गेला तर रिपोर्ट उगाच वाईट येतो आणि पुढे घरात रामायण.

घरून आणणार असाल तर तासाच्या आत पोचवा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. एसी गाडीत डॅशबोर्डवर किंवा मासळीच्या पिशवीत बर्फाशेजारी ठेवून आणणारे मी पाहिलेत. हसू नका, खरं आहे.

एका रिपोर्टवर कधी निर्णय घेऊ नका. काही आठवड्यांनी दुसरा करा. दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया किंवा नुसता जोराचा ताप येऊन गेला असेल तर तसं लिहून द्या. तापाने संख्या चांगलीच घसरते आणि पुन्हा वर यायला तोच तीन महिन्यांचा काळ लागतो. पावसाळ्यानंतर आमच्याकडे असे खचलेले रिपोर्ट हमखास यायचे.

---

म्हार्दोळची_जाई

काका, खरी अडचण वेगळीच आहे. इथल्या लॅबमध्ये त्याच्या शाळेतला मित्र कामाला आहे. "मी तिथे डबी घेऊन जाणार नाही" म्हणतो.

---

निवृत्त_लॅबवाला

मग मडगावला जा की. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून आमच्या म्हापशात फोंड्याची माणसं यायची आणि म्हापशाची पणजीला. काउंटरवरच्या मुलीला तुम्ही दिवसातले कितवे तेही आठवत नसतं. तिथेच खोली असेल तर तासाचा प्रश्नही मिटला.

---

कुळागरातली_वहिनी

जाई, तुझ्याहून वयाने बरीच मोठी आहे म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघांनाही तपासायला हवं होतं. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास पुरुषाच्या बाजूचं काहीतरी असतंच, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. तरी आपल्याकडे क्रम असा: आधी बाईचं रक्त, मग बाईची सोनोग्राफी, मग बाईच्या नळ्या, मग बाईच्या पोटात दुर्बीण, मग देव, आणि सगळं संपलं की पुरुषाची डबी. सगळ्यात स्वस्त, न दुखणारी तपासणी सगळ्यात शेवटी. याचा मला संताप येतो.

तुझी पुढची कुठलीही अपॉइंटमेंट घेऊ नकोस. त्याची घे.

---

खोला_मिरची

वहिनींशी सहमत, पण जाईताईंनी घरात "तुझ्या सिगारेटमुळेच" असं वाक्य वापरू नये. पुरुष आहे, मी या गल्लीतून गेलोय म्हणून सांगतो.

माझा रिपोर्ट कमी आला तेव्हा मला एका दवाखान्यात सांगितलं, "सिगारेट सोडा, सहा महिन्यांनी या." सोडली. सहा महिन्यांनी संख्या थोडी वर, हालचाल तशीच. पुन्हा तेच, "आणखी थांबा." कुणी मला साधं टेबलावर झोपवून किंवा उभं करून तपासलंही नाही. शेवटी मडगावला एका युरोलॉजिस्टनी दोन मिनिटांत हात लावून सांगितलं, डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, चांगलं मोठं. शिरा फुगून आतली उष्णता वाढलेली. शस्त्रक्रिया झाली. मुलगी आता बालवाडीत आहे.

सिगारेट दोषी नव्हती असं नाही. पण ती इतकी सोयीची आरोपी आहे की एकदा सापडली की बाकीचा तपासच थांबतो. रुग्णालाच दोष देता येतो ना, मग डॉक्टरचं काम संपलं. बायकोही तेच म्हणायची, आई तेच म्हणायची. त्या दिवसांत मला सिगारेट ओढावीशी सगळ्यात जास्त वाटायची.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

मिरची, बोललात ते आमच्या व्यवसायाला लागतं, पण खरं आहे. साधारण १५ टक्के पुरुषांत व्हेरिकोसील असतं. मूल होण्यात अडचण असणाऱ्यांत ते प्रमाण ३५-४० टक्क्यांपर्यंत जातं. आणि व्हेरिकोसील अधिक सिगारेट हे दोन्ही एकाच वाटेने, ऑक्सिडीकरणाने, नुकसान करतात. म्हणून एकावर बोट ठेवून दुसऱ्याकडे डोळेझाक करणं चूकच.

जाई, रिपोर्ट कमी आला तर नुसतं "सोडा आणि या" ऐकून परतू नका. अंगावरची तपासणी, गरज पडल्यास हार्मोन, आणि संख्या फारच कमी असेल तर जनुकीय चाचणी, हे सगळं त्या तीन महिन्यांतच करून घ्यायचं. सिगारेट सोडणं आणि तपास समांतर चालतात. एक संपल्यावर दुसरं असं नाही. तुमचं वय ३१ आहे, वेळ आहे, पण फुकट घालवण्याइतका नाही.

---

जिमवाला_ताळगाव

एक अँटिऑक्सिडंटचा कोर्स मिळतो ना? झिंक, फॉलिक ॲसिड, कोएन्झाइम वगैरे. आमचा ट्रेनर देतो. सिगारेट चालू ठेवून तो घेतला तर हिशोब बरोबरीत नाही का सुटणार?

---

डॉ_मुक्काम_फोंडा

नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड दिलं. २०२० मध्ये निकाल आला: वीर्य सुधारलं नाही, मुलं जास्त झाली नाहीत, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. खालून आग चालू ठेवून वरून पाणी शिंपडायचा तो प्रकार आहे.

आणि ट्रेनर आणखी काही टोचत असेल तर लगेच थांबवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणांना काम बंद करायला सांगतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दंड फुगलेले आणि रिपोर्ट रिकामा, असे तरुण हल्ली दर महिन्याला दिसतात.

---

जिमवाला_ताळगाव

व्यनि (खासगी निरोप) केलाय, डॉक्टर. कृपया बघा.

---

संपादक

सूचना: औषधांचे डोस धाग्यावर विचारू किंवा लिहू नयेत. गांजा कुठे मिळतो हे विचारणारा प्रतिसाद उडवला आहे.

---

नाव_नको

आता सोडायची कशी तेही कुणीतरी लिहा. "इच्छाशक्ती" हा शब्द न वापरता.

---

वेर्णा_नाइटशिफ्ट

मी सोडली आहे, सांगतो. आमच्याकडे सिगारेट ही तलफ कमी आणि सुट्टी जास्त. रात्री तीनला गेटबाहेर गाड्यावर जायला मिळतं ते सिगारेट ओढतो म्हणून. न ओढणाऱ्याला सुपरवायझर विचारतो, तू कुठे चाललास? मी सोडली तेव्हा तोंडाइतकीच पायांची पंचाईत झाली होती. ब्रेक घेतच राहिलो, फक्त गाड्याच्या उलट दिशेला, कॅन्टीनकडे. सुट्या सिगारेटी विकणाऱ्या काकांना सांगून ठेवलं की मला देऊ नका. त्यांनी खरंच दिली नाही, धंदा सोडून.

१८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन केला होता. फुकट आहे. पाकिटावर छापलेलाच नंबर, इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता. ते लोक ओरडत नाहीत, तारीख ठरवायला लावतात आणि नंतर उलट फोन करून विचारतात.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

छान लिहिलंत. माझी भर थोडी. पहिला आठवडा सगळ्यात कठीण, चिडचिड आणि झोपमोड तीन-चार आठवड्यांत उतरते. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण लोक ते नेहमीच्या गमसारखं चघळत सुटतात आणि मळमळलं की फेकून देतात. थोडं चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, ओसरलं की पुन्हा चावायचं. गम वापरताना शरीरात निकोटिन जातंच, पण धूर, कार्बन मोनॉक्साइड, कॅडमियम जात नाही, म्हणून सिगारेटपेक्षा ते नक्कीच बरं. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या.

तंबाखू आणि गुटख्यावर जाऊ नका. शुक्राणूंना तोही मानवत नाही.

आणखी एक कारण पुरुषांना लवकर पटतं म्हणून सांगतो. सिगारेट रक्तवाहिन्या आकसवते आणि आतून खराब करते. ताठरतेला लागणाऱ्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे तक्रार आधी तिथे दिसते. मूल राहणं पुढची गोष्ट.

---

कुळागरातली_वहिनी

आणि जाई, घरात ओढत असेल तर तेही बंद कर. तो धूर तुझ्याही पोटात जातो. दिवस राहिल्यावर बाहेर जाऊन ओढेन म्हणणारे पुष्कळ पाहिलेत.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

वहिनी बरोबर. दुसऱ्याच्या धुराने बाईच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम होतो. गर्भधारणेआधी वडील ओढत असतील तर पुढे मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त, असा संबंधही काही अभ्यासांत दिसला आहे. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तो आजार मुळात दुर्मीळ आहे.

---

म्हार्दोळची_जाई

सर्वांना: काल जेवताना मी फक्त एवढंच म्हटलं की माझी पुढची तपासणी मी करत नाही, आता तुझी पाळी. सिगारेटचा उल्लेखही केला नाही. मिरचीदादांचा प्रतिसाद त्याने स्वतःच पुन्हा वाचला होता वाटतं, कारण म्हणाला, "व्हेरिकोसील निघालं तर ऑपरेशन मोठं असतं का?" मडगावची वेळ घेतली आहे. सिगारेट अजून चालू आहे. एक एक करून बघू.

आयव्हीएफपर्यंत वेळ आली तर खर्चाचं काय, हा विचार मनात येतोच.

---

कुळागरातली_वहिनी

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ पासून आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) आणि आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) केंद्र आहे, सरकारी आणि मोफत. गर्दी असणार हे धरून चाल. पण तिथेही पहिला प्रश्न नवऱ्याच्या रिपोर्टचाच विचारतील.

---

डॉ_मुक्काम_फोंडा

आणि आयव्हीएफ किंवा इक्सी केली म्हणजे सिगारेटचा प्रश्न मिटला असंही नाही. इक्सीत एकच शुक्राणू उचलून बीजांडात सोडतात, त्यामुळे संख्या आणि पोहणं हे अडथळे टळतात. त्या शुक्राणूतला डीएनए मात्र तोच राहतो.

---

बोटीवरचा

उशिरा आलो, नेट आत्ता मिळालं. मी सासष्टीचा, क्रूझवर किचनमध्ये आहे. कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं, मग दोन महिने घरी. बोटीवर क्रूच्या डेकवर सिगारेट स्वस्त, आणि करायला दुसरं काही नसतं. घरी आलो की सोडतो, कारण आईसमोर ओढत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांचा तीन महिन्यांचा हिशोब वाचून डोकं चक्रावलं. म्हणजे मी घरी सोडून काही उपयोगच नाही का?

---

डॉ_मुक्काम_फोंडा

उपयोग आहे, पण वेळ चुकते आहे. घरी असतानाच्या दोन महिन्यांत जे शुक्राणू येतात ते बोटीवर, धुरात आणि किचनच्या उष्णतेत तयार झालेले असतात. वृषणं अंगापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहिली पाहिजेत म्हणून बाहेर असतात. भट्टीसमोर दहा-बारा तास उभं राहणं त्यांना मानवत नाही. किचनमधली जागा बदलून मिळत असेल तर मागून बघा. घरी येण्याआधीचे शेवटचे तीन-चार महिने बोटीवरच सिगारेट बंद करा. तुमच्या बाबतीत सोडायची तारीख साइन-ऑफपासून, म्हणजे बोटीवरून उतरायच्या दिवसापासून, मागे मोजायची.

दोन महिन्यांत पत्नीच्या दोनच पाळ्या मिळतात, तेव्हा तुमच्या घरी मूल नसण्याचं मोठं कारण कॅलेंडरही असू शकतं. वर्षभर एकत्र राहून दिवस राहिले नाहीत तर वंध्यत्व म्हणतात, तुमचं चार वर्षांचं लग्न त्या हिशोबात बरंच कमी भरतं.

---

बोटीवरचा

हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरी बायकोला सगळे बोल लावतात.

गोठवून ठेवता येतं असं एका फिलिपिनो सहकाऱ्याने सांगितलं. खरं का?

---

डॉ_मुक्काम_फोंडा

खरं. परत बोटीवर जायच्या आधी नमुना देऊन गोठवून ठेवता येतो आणि तुम्ही समुद्रात असताना पत्नीची आययूआय होऊ शकते. त्यासाठी सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी असलेलं केंद्र लागतं आणि दोघांची लेखी संमती लागते. गोठवून वितळवल्यावर काही शुक्राणू मरतात, म्हणून सुरुवातीचा नमुना जितका चांगला तितकं बरं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात साधी वीर्यतपासणी करा, सुट्टीभर सिगारेट बंद ठेवा आणि जाण्याआधीच्या आठवड्यात गोठवण्यासाठी द्या. एकाऐवजी दोन नमुने, मध्ये दोन-तीन दिवस सोडून.

पत्नीची तपासणीही त्याच सुट्टीत. तुम्ही सोबत जा.

---

निवृत्त_लॅबवाला

आणि ताप आला तर त्या आठवड्यात गोठवायला देऊ नको रे बाबा. केंद्राला फोन करून विचार.

---

बोटीवरचा

साइन-ऑफ ऑक्टोबरमध्ये आहे. म्हणजे जूनपासून बंद. बघतो. देव बरें करूं.